तिसऱ्या मिनिटाची बाई

हिंगणघाटला घरी बसून मी कोणालाही बदल करता येणाऱ्या ऑनलाइन विश्वकोशातला एका इलेक्ट्रॉनिक डान्स गाण्यावरचा लेख सुधारत होतो. कोणीतरी त्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा घालत होतं : ‘तिसऱ्या मिनिटाला एक बाई दार उघडायला सांगते.’

गाणं मी दहा वेळा ऐकलं. त्यात बाई नाहीच.

पाचव्यांदा वाक्य खोडलं आणि वैतागून लिहिलं, ‘संदर्भ द्या. कोणी, कुठे, कधी ऐकलं?’

लगेच उत्तर आलं : ‘अंजू, हिंगणघाट, आज दुपारी चार वाजता.’

अंजू माझी बायको. तिचा फोन माझ्याच टेबलावर चार्जिंगला होता.

चाराला दोन मिनिटं कमी होती. काय चावटपणा आहे, असं पुटपुटत मी लॅपटॉप मिटला.

थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून अंजू म्हणाली, “अवो, मागल्या बाजूनं कोनी बाई दार उघडा म्हनून राह्यली होती. उघडलं मी.”