जास्तीची चकती

लेन्सच्या बुडाशी ताईने पातळ पितळी चकती बसवली आणि तिच्यावर आणखी एक ठेवली. एकच पुरे होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसरी कागदाएवढीच जाड. पण तेवढ्याने दूरचं सगळं धूसर येणार होतं. तिने स्क्रू आवळले.

हातभर लांब ती जुनी लेन्स वडिलांची. आतली बुरशी हिने काढली, सुकलेलं वंगण हिने खरवडलं, नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसावी म्हणून अडॅप्टरही हिनेच घासून केला. आणि वडिलांनी जाताना ती दिली कुणाला? धाकट्याला. आयत्या बिळावर नागोबा! दुरुस्तीचं दुकान चालवायचं ताईने, आणि कौतुक पक्ष्यांचे फोटो काढत हिंडणाऱ्याचं. तिचा नुसता जळफळाट होत होता. पाणथळीवरचे पाहुणे पक्षी दोन दिवसांत उडून जाणार होते. जाऊ दे त्याला. येऊ दे हात हलवत.

धाकटा आला तो शीळ घालतच. दारात उभा राहून त्याने लांबच्या पाण्याच्या टाकीवर लेन्स रोखली. फोकसचं कडं फिरवलं, पुन्हा फिरवलं. दुकानाच्या पार आतल्या टोकाला, टेबलामागे बसून ताई बघत राहिली. लेन्स त्याच्या हातात शोभत होती, हेच तिला बघवेना.

"धूसर येतंय गं," तो म्हणाला. "थांब, जवळचं बघतो." गर्रकन वळून त्याने तिचाच फोटो काढला.



"माझंच काहीतरी चुकतंय," म्हणत तो टेबलापाशी आला. "तू बसवलीस म्हणजे लेन्सकडे बघायलाच नको. बाबा काय म्हणायचे, माहितीय? तिच्या हाताची सर तुला सात जन्मांत येणार नाही. काय राग यायचा मला तुझा!" आणि तो खळखळून हसला.

"मला कधी बोलले नाहीत," ताई म्हणाली.

"तुला कशाला बोलतील? बरं, हे बघ. जवळचं कसलं कडक आलंय!"

त्याने कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा. आवळलेले ओठ, बारीक झालेले डोळे. धाकट्याचं हसू हळूहळू मावळलं.

"ताई, अशी कुणाकडे बघत होतीस गं?"

दुकानात ते दोघंच होते.