खरवड

सुट्टीच्या दिवशी आचाऱ्याने पातेल्यावर ताट झाकलं, दोन्ही घट्ट धरून झटक्यात उपडं केलं आणि बुडावर दोन थापा मारल्या. पातेलं उचललं तसा भाताचा गोल अख्खाच्या अख्खा ताटात उतरला. वर तांबूस, खमंग, कडक पापुद्रा.

"अगं बाई, करपला की!" बायको म्हणाली.

"करपला नाही, मुद्दाम लावलाय. इराणमध्ये पाहुणे यावर तुटून पडतात. स्पेनमध्ये तव्याच्या बुडाला लागलेला चमच्याने खरवडून खातात. आमच्या हॉटेलात तर नुसत्या खरवडीच्या ऑर्डरी येतात." आचाऱ्याची कॉलर ताठ झाली होती. जगभरचे भात शिकून झाले होते आणि घरात ऐकून घ्यायला दोनच माणसं होती, त्यामुळे तो एकही देश सोडत नव्हता.

त्याने खरवड सोडवून बायकोला वाढली, स्वतः घेतली. आईच्या ताटलीत आतला मऊ, पांढराशुभ्र भात घातला.

आईने हात लांब करून त्याच्या ताटातला एक तुकडा उचलला.

"आई, ते कशाला? निम्मं आयुष्य खरवडच तर खाल्लीस."

तो लहान असताना सगळ्यांना वाढून झालं की ती पातेलं पुढ्यात घेऊन बुडाचं खरवडून खायची, आणि ते बघून त्याचा जीव तुटायचा. पहिल्या पगारात त्याने जाड बुडाचं पातेलं आणलं. तेव्हापासून घरात भात कधी लागला नाही. ही गोष्ट तो हॉटेलातही अभिमानाने सांगत असे.

तिने तुकडा तोंडात टाकला. दात केव्हाच गेले होते आणि कवळी तिला कधी मानवली नव्हती. तिने तो या गालातून त्या गालात घोळवला, हिरड्यांनी दाबून पाहिला आणि शेवटी हळूच काढून ताटलीच्या कडेला ठेवला.

"मला आवडायची रे खरवड," ती म्हणाली. "सगळ्यांचं आटपलं की निवांत बसून खायची. तेवढंच माझं एकटीचं असायचं."

घास आचाऱ्याच्या हातातच राहिला. "मग बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेने पातेलं आणलंस. त्यात काय बोलायचं?"

त्याला स्वतःचाच राग आला. कुठल्या गिऱ्हाइकाला कसा भात लागतो ते त्याला तोंडपाठ होतं. आईला मात्र त्याने कधी विचारलंच नव्हतं. तो घाईने उठला. "थांब. कोरियात यावर पाणी घालून उकळतात. एकदम मऊ होईल बघ."

"मऊच खायचं तर हा भात काय वाईट आहे?" आई हसली. "खरवड वाजायला हवी."

तो गॅसपाशी उभाच राहिला.

"ये, बस इथे." आईने शेजारची खुर्ची ओढली. "या बाजूला. या कानाने बरं ऐकू येतं मला. आता तू खा."

त्याने तुकडा तोंडात घातला. तो चावत राहिला. आई डोळे मिटून ऐकत होती.

"सावकाश," ती म्हणाली. "लगेच संपवू नकोस."