ओहोटीचं जेवण

मृणाली रोह्याच्या वसतिगृहात राहिली आणि तिची आई बायजा एकटीच पेणच्या एसटीत बसली. आता हे झालंच नाही असं धरू या, कारण दुपारचे बारा वाजलेत आणि बायजा अजून मेसच्या फळ्यासमोर उभी आहे.

फळ्यावर लिहिलंय : जेवण बारा ते एक.

“कोणच्या तिथीला?” बायजाने विचारलं.

रेक्टर ऋतुजा मॅडम सकाळपासून पालकांना दोन वेळचं की तीन वेळचं, साधं की अंड्याचं, एवढंच समजावत होत्या. तिथीचा रकाना त्यांच्या फॉर्मवर नव्हता. “रोज, ताई. रोज हीच वेळ.”

“रोज एकच? पाणी ऐकतं तुमचं?”

“आये, गप गो,” मृणाली पुटपुटली.

बायजाचं घर पेणच्या खाडीच्या बांधाला टेकून आहे. भरतीला सगळी माणसं बांध राखायला, पाणी उतरलं की चूल. त्यामुळे जेवण रोज पाऊण तासाने पुढे सरकतं. अठरा वर्षं मृणाली अशीच जेवली, आईच्या ताटासमोर ताट मांडून. शाळेतही तिचा डबा कधी प्रार्थनेला उघडायचा, कधी गणिताच्या तासाला. मास्तरांनी नाद सोडला होता.

पालकांना चवीपुरतं ताट मिळालं. बायजाने खिडकीबाहेर बघितलं. तिथे पार्किंग होतं.

“आज अष्टमी. बाराला पाणी उतरतं. आजच्यापुरतं बरोबर हाय.”

तिने पहिला घास घेतला. सगळ्या टेबलांवरच्या ग्लासांतलं पाणी बोटभर खाली गेलं. कुणी प्यायलं नव्हतं. मग दोनशे ताटं संथपणे पेणच्या दिशेला सरकू लागली. मुलींनी मोबाइलमधून मान वर न काढता आपापली ताटं परत ओढून घेतली. फरशी आत्ताच पुसलीय, असं मेसच्या काकांनी सांगितलं आणि सगळ्यांना ते पटलं.

“भात मऊ हाय,” बायजा म्हणाली. मग हळूच, “उद्या मी पाऊणला बसन. तू जेवून उठलेली असशील.”

“मी थांबन ना पाऊणपर्यंत.”

“आन् परवा दीडला?”

मृणालीने फळ्याकडे बघितलं. एकला मेसचं दार बंद होतं.

फॉर्मच्या तळाला ‘पालकांच्या सूचना’ म्हणून दोन ओळींची जागा होती. बायजा सांगत गेली, मृणाली लिहीत गेली. ओळी संपल्यावर तिने समासात लिहिलं. ऋतुजा मॅडमनी ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि आवक क्रमांक टाकून शिक्का मारला.

‘महोदया, सदर विद्यार्थिनी व तिची आई यांची जेवणाची वेळ आजवर एकच आहे. तरी मेसची वेळ दररोज पाऊण तासाने पुढे सरकवावी. ते नियमात बसत नसल्यास, खाडीने यापुढे रोज बारा वाजताच उतरावे, असे आपल्या स्तरावरून तिला लेखी कळवावे, ही नम्र विनंती.’