बारा नंबरचा खांब

चाळिसावं मशीन बसलं तेव्हा चंद्रकांत आपट्यांनी चक्क टाळी वाजवली.

“राहिलं एक! हेमलताबाई, फोन सोडू नका.”

हेमलताने रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यात धरला होता. दोन्ही हात मोकळे हवे होते. तिच्यापुढे, बेंगळूरच्या ऑफिसात, ड्रॉइंग बोर्डावर नव्या मशीन शॉपचा चौकटी आखलेला नकाशा होता. एक चौकट म्हणजे एक फूट. त्यावर पुठ्ठ्याची मशिनं. यशवंतपूरला, साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, असाच दुसरा नकाशा होता, तशीच पुठ्ठ्याची मशिनं होती आणि त्यांच्यापाशी रत्नाकर होता, पुण्याहून येऊन महिना झालेला. इथे एक तुकडा हलला की तिथे तोच हलायचा. तिथे हलला की इथे. ज्याला हलवायचा असेल त्याने आधी ‘हात’ म्हणायचं, मग दुसऱ्याने आपला हात उचलायचा. सकाळी दहापासून हे चाललं होतं. यशवंतपूरला अजून नुसते खांब उभे होते, पण या दोन कागदांवर कारखाना भरत आला होता. हेमलताचा कान लाल झाला होता आणि जेवायचं राहिलंय हे तिच्या लक्षातही नव्हतं.

“हात,” रत्नाकर फोनवर म्हणाला. “प्लेनर. बारा नंबरच्या खांबासमोर ठेवतोय. मध्ये चार फूट. बघा बरं.”

प्लेनर, म्हणजे लोखंड तासायचं मशीन, सगळ्यांत मोठा. चालू असताना त्याचं लोखंडी टेबल मागेपुढे सरकतं. ते मागे किती बाहेर येतं, तेवढी लाल कागदाची जीभ हेमलताने दोन्हीकडच्या तुकड्यांना चिकटवली होती. तिने आपला तुकडा ठेवला. जिभेच्या टोकापासून खांबापर्यंत चार चौकटी.

“सरी,” ती म्हणाली.

तारेत खरखर झाली. “आता?”

“सरी, सरी!”

“झालं?”

“झालं!”

“एक्केचाळीस!” आपटे ओरडले. त्यांनी कॉफी मागवली आणि दिल्लीला पाठवायच्या तारेचा मजकूर उभ्याउभ्याच लिहायला घेतला. साइटवर प्लेनरच्या पायाचा खड्डा आधीच ऐसपैस खणून तयार होता. बोल्टांचा सांगाडा त्यात नेमका कुठे ठेवायचा, एवढंच ठरायचं होतं. ते ठरलं.

पंधरा मिनिटांनी रत्नाकर पुन्हा फोनवर आला. हसत होता.

“मुकादम कृष्णमूर्तींनी चुन्याच्या रेघा मारल्या, सांगाडा ठेवला, काँक्रीटची घमेली चालू झाली. पण बाई, तुम्ही भारी चिकट हं! चारचा एक फूट केलात तेव्हा समाधान झालं. आणखी एकदा म्हणाला असतात तर प्लेनर खांबातच घुसवला असता.”

“एक फूट?”

“तीनदा एकेक फूट सरकवला ना.”

“सरकवा म्हणून कुणी सांगितलं?”

“तुम्हीच! सरी, सरी, सरी. म्हटलं, बेंगळूरच्या मराठीत ‘सरकव’ला ‘सरी’ म्हणत असतील.”

हेमलता उभी राहिली. “सरी म्हणजे बरोबर, ठीक. कानडी शब्द आहे, आमच्या घरात सगळे म्हणतात. सकाळपासून ‘बरोबर’ म्हणत होते, शेवटी दमून हाच तोंडात आला. माझी चूक झाली.” ती आपट्यांकडे वळली. “साहेब, काम थांबवायला हवं.”

आपट्यांनी नकाशाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “एक फूट आहे ना? टेबल खांबाला घासत तर नाही. मग राहू द्या. मागे कोण मरायला जातंय?”

“जातात. टेबल पुढे गेलं की लोखंडाचा कीस झाडायला मागे जातात. ते परत येतं तेव्हा माणसाला वळायला जागा लागते.” ती थांबली. “अण्णांना मिळाली नाही.”

आपट्यांनी हातातला कप खाली ठेवला. तिच्या अण्णांचं, मल्हाररावांचं, तेरावं करून ती कामावर आली, त्याला तीन आठवडे झाले होते. या खोलीत वडिलांबद्दल ती पहिल्यांदाच बोलली होती.

त्यांनी रिसीव्हर तिच्याकडून घेतला. “रत्नाकर, घमेली थांबव. विचारू नकोस, पळ!”

रिसीव्हर परत तिच्या कानाशी आला तेव्हा त्यात धावणारी पावलं होती, आणि लांबून कृष्णमूर्तींचा आवाज. “निल्लिसी! अरे, थांबवा, निल्लिसी!” मग नुसती तारेची गुणगुण. हेमलताने पुठ्ठ्याच्या प्लेनरवर बोट दाबून धरलं होतं. आपटे खिडकीपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले.

“थांबलं!” रत्नाकरला धाप लागली होती. “सात-आठ घमेली पडली होती, ती उपसली. सांगाडा खांबापासून तीन फूट लांब घेतला. रेघा नव्याने मारल्या. मी मोजलं, कृष्णमूर्तींनी मोजलं. चार फूट, बाई! पुरे चार!”

“चार फूट,” हेमलताने मोठ्याने सांगितलं, आणि आपट्यांनी टेबलावर अशी थाप मारली की पुठ्ठ्याचे दोन लेथ उलटे झाले.

“बसलं! ठेवा आता तो फोन. कॉफी गार झाली.”

“स्वल्प थांबा, साहेब.” तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. “रत्नाकरराव, एक काम कराल? रेघ आणि खांब यांच्यामध्ये जाऊन उभे राहा. आणि वळा.”

“वळू? म्हणजे कसा?”

“कुणी हाक मारली की वळतो, तसे.”

तो गेला. या वेळी वाट पाहणं लांबलं नाही.

“वळलो!” तो हसत सांगत होता. “हात पसरून वळलो. गवंडी हसताहेत मला. झालं तुमचं समाधान?”

आपट्यांनी कॉफीचा कप तिच्यापुढे सरकवला. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

“अजून एकदा वळाल?” तिने विचारलं.