बाळंतिणीचा डाव

पाठीवर थाप बसली, कानात "खो" शिरला आणि लंका उठून सुटली.

समोर एकच खेळाडू उरली होती. नाशिकरोडच्या संघातली उंच बाई, हिरव्या लुगड्याचा काष्टा मारलेली. तिच्याबरोबरच्या दोघी केव्हाच बाद झाल्या होत्या, पण ही कुणाच्या हाताला लागत नव्हती. बसलेल्या बायकांमधून ती अशी काही आत-बाहेर वळत होती की ओझरच्या कॉलनीतल्या एकेकीला नुसती धाप लागत होती. वेळ संपत आली होती.

सव्वीस जानेवारीचे खेळ होते. कारखान्याच्या मैदानावर सगळी कॉलनी लोटली होती. दोरीपलीकडे पहिल्याच रांगेत लंकेची सासू भागीबाई नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. ती खेळ बघायला आली नव्हती. सुनेला वेळेत घरी न्यायला आली होती.

सकाळी स्टोव्हपाशीच तिनं बजावलं होतं, "पाच महिन्यांची बाळंतीण तू. पळापळीनं दूध आटतं. अंग खाली येतं. मग पोराला काय पाजशील, बाटली?"

"दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलंय मला, आत्याबाई. म्हणाल्या, पोटभर जेव, पाणी भरपूर पी आणि खुशाल पळ. दूध नाय आटत."

"त्या बाईला पोरं किती हायेत?"

खरं म्हणजे धाकधूक लंकेलाही होतीच. एवढ्या बायांनी सांगितलेलं सगळंच खोटं कसं असेल, असं मन म्हणत होतं. पण नांदगावच्या शाळेत असताना या पायांना कुणी गाठलं नव्हतं, आणि मैदानावर फक्कीच्या रेघा मारलेल्या दिसल्यापासून पाय काही ऐकत नव्हते.

आता ती हिरवीच्या मागे होती. पदर कमरेला खोचलेला, पायाखाली थंड माती. हिरवीनं खांद्यानं डावीकडे हूल दिली आणि उजवीकडे गेली. लंका फसली नाही. अंतर कमी झालं. हिरवीनं मागे वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच घाई दिसली.

तेवढ्यात पोर रडलं.

एवढ्या कालव्यातही लंकेला तो आवाज बरोबर ओळखू आला. भुकेचं रडणं. तिचा पाय अडखळला. छातीत चमक मारून गेली, झिणझिण्या आल्या, आणि दुसऱ्याच क्षणी पोलक्यात ऊन ऊन ओल पसरली. पळता पळता तिनं खाली पाहिलं. दोन्ही बाजूंना ओले डाग. पान्हा फुटला होता, तोही भर धावेत.

आटलं नाही. उलट वाहतंय.

लाज वाटायला हवी होती. सगळी कॉलनी बघत होती. पण तिला हसू फुटलं, आणि कुठून कोण जाणे, पायांत नवा जोर आला. हिरवी खांबाला वळसा घालायला झुकली, तशी लंकेनं एका हातानं खांब धरला आणि सगळं अंग पलीकडे झोकून दिलं. बोटं तिच्या पाठीला लागली.

पंचांनी शिट्टी फुंकली. बाद. डाव संपला.

बायकांनी लंकेला गराडा घातला. संघाची कप्तान लताबाई तिला गदागदा हलवत म्हणाली, "लंके, दुसऱ्या डावात आपल्याला पळायचंय. पहिल्या तुकडीत तूच."

लंका काही बोलणार, तोच गर्दी बाजूला झाली. भागीबाई दोरी ओलांडून सरळ मैदानात आली होती. कडेवर पोर आकांत करत होतं.

"आत्याबाई, पाच मिनिटं विश्रांती हाय. मी इथंच..."

"बस खाली."

लंका मातीत बसली. भागीबाईनं पोर तिच्या मांडीत दिलं, आणि लोकांकडे पाठ करून, स्वतःच्या लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी ताणून आडोसा धरला. सुनेच्या पोलक्याकडे तिची नजर गेली आणि तिथंच थांबली.

"कधी झालं हे?"

"पळताना."

पोरानं घाईनं तोंड लावलं. इतक्या जोरानं दूध आलं की त्याला ठसका लागला. भागीबाईनं वाकून त्याच्या पाठीवरून हात फिरवला. ते पुन्हा प्यायला लागलं.

एक मुलगी खेळाडूंना लिंबाचं सरबत वाटत आली. थंड आणि आंबट, दोन्ही बाळंतिणीला वर्ज्य. लंकेनं गुपचूप मान खाली घातली. भागीबाईनं पेला हातात घेतला, नाकाशी नेऊन हुंगला, थोडा वेळ तसाच धरला. मग सुनेच्या ओठांना लावला.

"पी. तोंड सुकलंय."

लंका घटाघटा प्यायली.

"ती हिरवी," भागीबाई हळूच म्हणाली, "तिला उजवा पाय नीट टाकता येत नाय. आता ती तुझ्या मागं लागंल, तवा उजवीकडं वळ. गावशील कशी बघते."

पलीकडे पंचांनी हात वर केला. नाशिकरोडच्या बायका धावत आपापल्या जागी बसायला लागल्या. लताबाई लांबून हाका मारत होती.

पोर अजून पीतच होतं. भागीबाईनं एकदा मैदानाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि खाली वाकून त्याच्या कानाशी म्हणाली, "आटप रे बाबा बिगीबिगी. आईची पळायची पाळी आली."