गुडघ्यांची साक्ष

“पाण्याचं ठाणं टेकडीपलीकडेच ठेवू. जवानांना राखायला सोपं. निर्वासितांना दोनच किलोमीटर चालावं लागेल,” नकाशावर बोट ठेवून मेजर ओकेलो म्हणाला.

“दोनच? माझ्या गुडघ्यांना विचारा!” कर्नल मृणाल ढमढेरे कळवळून म्हणाल्या.

शांतिसेनेची आखणी करणाऱ्या प्रत्येकाला मनगटी पट्टा सक्तीचा होता. छावणीतल्या एका निर्वासिताची तहान, दुखणं, सुख त्यातून थेट अंगात उतरे. मृणाल यांच्या वाट्याला हलीमा नावाची म्हातारी आली होती.

ओकेलोने आपला पट्टा चार्जिंगला लावून ठेवला होता. ओशाळून त्याने तो बांधला, लगेच कंबर धरली आणि नकाशावरचं ठाणं छावणीच्या दारात सरकवलं.

तिसऱ्या दिवशी बैठकीतच मृणाल यांच्या घशाखाली गार पाणी उतरलं. हलीमाच्या कृतज्ञतेने त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी नकाशाला हात जोडले.

त्यांचा ग्लास समोर भरलेलाच होता.