रुमालाखालचा भाव

"गोरखभाऊ, बाईमाणसानं पळवलेली गाडी ही. इंजिनात काय ऱ्हायलं आसंल?" पिंपळवंडीचा बैलांचा दलाल चारचौघांत मोठ्यानं हसला. गोरखची बायको तेजस्विनी वारून वर्षही झालं नव्हतं, आणि आता विकायला काढलेल्या तिच्या लाडक्या टर्बो गाडीच्या टायरला तो लाथा मारून बघत होता.

मग बैलबाजारातल्यासारखा त्यानं हातावर रुमाल टाकला आणि खालून गोरखची बोटं दाबून भाव सांगितला. गोरखनं मागितला होता तेवढाच, एक रुपयाही कमी नाही. तोंड मात्र चालूच होतं, "भंगार घेतोय राव, निव्वळ तुमच्याकडं बघून!"



गोरखनं रुमाल ओढून काढला. "भाव पटला, पावणं. आता बोटांनी जे कबूल केलंत, ते ह्या चौघांसमोर तोंडानं बोला."